उजनीचं जुनं वीजघर: दुरुस्तीवर पैसा घालायचा का सोलर लावून मोकळं व्हायचं?

भीमाकाठ:
उजनीचा विषय निघाला की आपण सगळे पाणीसाठ्याचे टक्के मोजत बसतो, प्लस किती मायनस किती, पण धरणाच्या पायथ्याला १२ मेगावॅटचं वीजघर हाय त्याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत न्हाई. नव्वदच्या दशकातलं मशीन हाय ते. जलविद्युत संचाचं आयुष्य साधारण ३५-४० वर्षं धरतात, म्हणजे आता मोठ्या दुरुस्तीचा विचार करायची वेळ आली. पण बोलायला गेलं की लोकं म्हणतात एवढ्याशा १२ मेगावॅटवर कशाला खर्च, चालतंय तवर चालवा, पडलं बंद तर पडलं. माझं मत याच्या एकदम उलट हाय. नवीन प्रकल्पाच्या आधी जुन्याची देखभाल झाली पाहिजे, बंद पडायची वाट बघणं हाच सगळ्यात महागडा मार्ग हाय.

हिशोब बघा. वीजघरातनं नदीत साधारण १६०० क्युसेक (सेकंदाला १६०० घनफूट) पाणी जातं. वारीला, बंधारे भरायला, खालच्या गावांच्या प्यायला नदीत पाणी सोडावंच लागतं, ते काय कुणाला चुकत न्हाई. तेच पाणी टर्बाइनमधनं गेलं आणि संच पूर्ण ताकदीनं चालला तर दिवसाला २ लाख ८८ हजार युनिट. मशीन बंद असलं तर पाणी तेवढंच जाणार पण दुसऱ्या वाटेनं, आणि युनिट शून्य. युनिटला ४ रुपये धरले तरी दिवसाला साडेअकरा लाख रुपये नुसते वाहून गेले. कोळसा लागत न्हाई, जमीन नवी लागत न्हाई, धरण तर बांधलेलंच हाय. मग हे मशीन मरू द्यायचं का?

टेलएंड_मंगळवेढा:
अण्णा, राग मानू नका पण तुमचा हिशोब धरणावर उभं राहून केलेला हाय. आमच्याकडं टेलला, कालव्याच्या शेवटच्या टोकाला येऊन बघा. "वीजनिर्मितीसाठी विसर्ग" ही बातमी वाचली की आमचं डोकं फिरतं. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ५० टक्क्यांच्याही खाली, म्हणजे तळातल्या मृतसाठ्यात गेलं होतं, माणसं टँकरच्या मागं पळत होती. तुमच्याच आकड्यानं बघू, १६०० क्युसेकनं १ टीएमसी (एक अब्ज घनफूट) पाणी संपायला सात दिवस लागतात आणि वीज होते वीस-एकवीस लाख युनिट, म्हणजे ८०-८५ लाख रुपये. एक टीएमसी पाण्याची किंमत एवढीच का? ज्वारीला ऐन वेळी एक पाणी मिळालं तर आमच्या भागात काय फरक पडतो ते शेतकऱ्याला विचारा. उजनी ११७ टीएमसीची म्हणतात, त्यातलं ६३ तर मृतसाठा, वापरायला राहिलं ५३. त्यात ऊस हाय, शहर हाय, एमआयडीसी हाय, आता वीज पण? वीजघर नवंकोरं झालं की ते चालवायचा मोह होणार, आणि मग पाणी कधी सोडायचं ते शेत ठरवणार न्हाई, मशीन ठरवणार. म्हणून माझा विरोध हाय.

सूर्यकिरण_जुळे_सोलापूर:
मला पाण्याचं नाही, पैशाचं बोलायचंय. आपल्या फताटेवाडीला १३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प आहे, त्याच्यापुढं १२ म्हणजे एक टक्कासुद्धा भरत नाही. आणि सोलापूरसारखं ऊन कुठं आहे? १२ मेगावॅट सोलरला ५०-६० एकर पडीक जमीन पुरते, फिरणारा भाग नाही, बेअरिंग नाही, ऑइल नाही, फक्त पॅनल धुवायचे. उलट जुन्या वीजघरात एकदा हात घातला की एकातनं एक निघत जातं, रनर (पाण्यानं फिरणारं चाक) काढला की शाफ्ट खराब, शाफ्ट केला की वाइंडिंग. शिवाय नदीतनं शहराला पाणी सोडतात ते औज बंधाऱ्यासाठी, उजनी ते शहर समांतर जलवाहिनी पूर्ण ताकदीनं चालली की ते विसर्ग कमी होणार, म्हणजे मशीनला पाणीच कमी मिळणार. मग वर्षातले थोडे महिने चालणाऱ्या मशीनवर कोट्यवधी का घालायचे? जनतेचा पैसा आहे हा.

जुना_ऑपरेटर:
जलविद्युतमध्ये नोकरी करून निवृत्त झालोय, कुठल्या केंद्रात ते सांगत नाही, पण मशीन जवळून बघितलंय म्हणून लिहितो, जरा लांबेल.

सूर्यकिरण साहेब, थोडे महिने चालतं म्हणून देखभाल कमी लागते असं वाटतं ना, तसं नाही. जलविद्युतचं मशीन उभं राहून जास्त खराब होतं. बंद असताना स्टेटरच्या (जनित्राच्या न फिरणाऱ्या भागाच्या) वाइंडिंगला ओल धरते, हीटर चालू ठेवले नाहीत तर मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावल्यावर रीडिंग खाली आलेलं दिसतं, तसंच घाईत चालू केलं तर वाइंडिंग जळतं आणि मग वर्षभर बसा. थ्रस्ट बेअरिंगवर सगळा रोटर, म्हणजे फिरणारा भाग, बसलेला असतो, जास्त दिवस उभा राहिला की पॅडवरची तेलाची फिल्म निघून जाते, म्हणून चालू करायच्या आधी रोटर जॅकनं उचलून परत खाली ठेवावा लागतो. दहा मिनिटांचं काम आहे पण विसरलं की पॅड पुसले जातात. रनरला कॅव्हिटेशननं (पाण्यातले बुडबुडे फुटून) खड्डे पडतात, ते वेळेत वेल्डिंगनं भरून घासून घेतले तर रनर कितीतरी वर्षं जातो, सोडून दिले तर धातूच खाऊन टाकतं.

आणि उजनीसारख्या पाण्याची गोष्ट वेगळीच. पुण्याकडनं येणारं सांडपाणी आणि वर जलपर्णी. जलपर्णी ट्रॅश रॅकला (कचरा अडवायच्या जाळीला) अडकली की हेड, म्हणजे पाण्याची उंची, कमी होतं, आउटपुट पडतं. कूलिंग वॉटरचे स्ट्रेनर चोंदले की बेअरिंगचं तापमान चढतं आणि मशीन ट्रिप. म्हणजे दुरुस्तीचा अर्धा खर्च नदी घाण केल्यामुळं आहे, त्यावर पण कुणीतरी बोला.

आपल्या जिल्ह्याला हे समजावून सांगायची गरजच पडू नये. इथल्या प्रत्येक साखर कारखान्यात हंगाम संपला की मिल उघडून ओव्हरहॉल करतात, कुणी म्हणत नाही की सहा महिने बंदच आहे तर कशाला उघडता. वीजघराला तोच नियम का नको?

दुरुस्ती टाळल्यावर काय होतं त्याचं उदाहरण रशियातलं आहे, सायानो-शुशेन्स्काया. १७ ऑगस्ट २००९, दोन नंबरचं युनिट, ३० वर्षांचं ठरलेलं आयुष्य संपत आलेलं, कंपनं वाढलेली, टर्बाइनच्या झाकणाचे बोल्ट थकून तुटले आणि पाण्यानं अख्खं युनिट वर फेकलं. ७५ माणसं गेली. आपल्याकडं श्रीशैलमच्या डाव्या तीरावरच्या भूमिगत वीजघरात ऑगस्ट २०२० मध्ये आग लागली, ९ जण गेले. जुनं मशीन "चालतंय तवर चालवा" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, आत ड्युटीवर माणसं असतात.

टेलएंड_मंगळवेढा:
ऑपरेटर काका, माणसाच्या जिवाचं एकदम मान्य. पण मग धोका असंल तर बंद करा की कायमचं. धोका हाय म्हणून पैसे घाला, हे माझ्या पचनी पडत न्हाई.

जुना_ऑपरेटर:
बंद केलं तरी पेनस्टॉक (टर्बाइनला पाणी आणणारा मोठा पाइप), गेट, ड्राफ्ट ट्यूबचं (टर्बाइनखालून पाणी बाहेर नेणाऱ्या नळीचं) गेट हे सगळं धरणाला जोडलेलंच राहतं, त्याला कुलूप लावून घरी जाता येत नाही. तुंगभद्रेचं बघा, ऑगस्ट २०२४ मध्ये १९ नंबरच्या दरवाज्याची साखळी तुटली आणि दरवाजाच वाहून गेला, ७० वर्षांचं धरण. वीज करा नाहीतर नका करू, लोखंडाची तपासणी करावीच लागते. निदान वीजघर चालू असलं की तिथं रोज कुणीतरी फिरतं, लॉगबुक लिहितं, गळती दिसली की फोन जातो.

पाणी_पूर्वेला:
सगळे १२ मेगावॅटवर भांडताय आणि मोठं दुखणं वर घाटात आहे. खोपोली १९१५, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. ही पण जुनीच जलविद्युत केंद्रं, आणि त्यांच्यासाठी भीमा खोऱ्यातलं सुमारे ४२ टीएमसी पाणी दरवर्षी कोकणात उतरतं. ते पाणी मुळात उजनीकडं येणारं. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ ला सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला तो भिऱ्याला पाणी देणाऱ्या मुळशी धरणाच्या विरोधात. आता म्हणे जुन्या केंद्रांचं आयुष्य वाढवा! म्हणजे आणखी ४० वर्षं पाणी पश्चिमेला. भीमाकाठ, तुमचा नियम तिथं पण लावणार का?

भीमाकाठ:
प्रश्न बरोबर हाय आणि उत्तर देतो. उजनीत पाणी टर्बाइनमधनं जाऊन परत भीमेतच पडतं, एक थेंब खोरं सोडत न्हाई. घाटात पाणी खोऱ्याबाहेर जातं. तिथं भांडण पाण्याच्या हक्काचं हाय, ते उघड बसून सोडवा, मी पण तुमच्या बाजूनं सही करतो. पण एक विसरू नका, तिथं उंची पाचशे मीटरच्या घरातली, आपल्याकडं तीसेक मीटर, म्हणजे १ टीएमसीला तिथं पंधरा पट तरी वीज जास्त होते, संध्याकाळी मुंबईला ती लागते. ते पाणी पूर्वेला मागायचं तर ती वीज कुठनं भरून काढायची ते पण मागणीत लिहावं लागंल. आणि निकाल लागेपर्यंत ती केंद्रं नीट सांभाळली पाहिजेत, हे माझं तिथं पण मत हाय.

सूर्यकिरण, सोलरला माझा विरोध न्हाईच. पण उजनीचं मशीन उलटंसुलटं दोन्ही चालणारं बसवलेलं हाय, पैठणसारखं. दिवसा वीज जास्त झाली की खालच्या तळ्यातलं पाणी वर धरणात ढकलायचं आणि संध्याकाळी परत सोडायचं, हीच त्याची कल्पना. शंभर युनिट घातले तर सत्तर-पंच्याहत्तर परत मिळतात, बाकीचे जातात, ते मान्य. पण तुमचे पॅनल सात वाजता झोपतात त्या वेळेला उपयोगी पडणारं मशीन जिल्ह्यात आयतं हाय, आणि तेच तुम्ही भंगारात काढा म्हणताय.

सूर्यकिरण_जुळे_सोलापूर:
बॅटरीचे भाव खाली येतायत, दहा वर्षांनी हा मुद्दा राहणार नाही. खर्च करायचाच तर खासगीला भाडेपट्ट्यानं द्या, भंडारदऱ्याला दिलंच आहे ना. त्यांनी पैसा घालावा, त्यांनी चालवावं.

टेलएंड_मंगळवेढा:
ते तर अजिबात नको! खासगी माणूस युनिटवर कमावणार, म्हणजे त्याला पाणी सुटलेलंच पाहिजे. सरकारी आहे तवर निदान कालवा सल्लागार समितीत जाऊन आम्हाला भांडता तरी येतं. भीमाकाठ अण्णा, तुमच्या दुरुस्तीला मी हो म्हणीन पण एकाच अटीवर, लेखी पाहिजे की वीजनिर्मितीसाठी म्हणून वेगळं पाणी सुटणार न्हाई, प्यायचं आणि शेतीचं जे ठरलंय तेवढंच मशीनमधनं जाईल. अट न्हाई तर माझा विरोध कायम.

भीमाकाठ:
अट मला मान्य हाय मालक. समितीत तुम्ही मांडा, मी पाठिंबा देतो.

जुना_ऑपरेटर:
अट घालताना एक ओळ आणखी घाला. मोठ्या ओव्हरहॉलचा शटडाऊन एप्रिल-मे मध्येच घ्यायचा, तेव्हा पातळी खाली असते, मशीन तसंही उभं असतं, जुलैच्या पाण्याआधी चाचणी झालीच पाहिजे. आणि उघडायच्या आधी ड्राफ्ट ट्यूबचं गेट आणि स्टॉपलॉग (पाणी अडवायच्या तात्पुरत्या फळ्या) नीट बसतात का ते तपासायचं, ते गळत असले तर माणूस आत उतरूच शकत नाही. रनर नवा लागला तर ऑर्डर दिल्यापासून यायला वर्ष तरी जातं, त्यामुळं पुढच्या उन्हाळ्यात काम पाहिजे असेल तर तपासणी या उन्हाळ्यातच व्हायला हवी.