मदत हवी आहे: २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस घ्यावी का? पुढे किंमत येईल का?

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

नाशिकला एक स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस विकाऊ आहे. पहिली पिढी, जून २००५ ची, काळी, १ लाख १८ हजार किमी, एकच मालक. ते आता निवृत्त आहेत आणि गुडघ्यांमुळे क्लच दाबवत नाही म्हणतात. मागणी साडेचार लाख. हे मॉडेल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आरएस म्हणजे ऑक्टाव्हियाचीच जास्त ताकदीची, स्पोर्टी आवृत्ती; १.८ लिटर टर्बो पेट्रोल, सिलिंडरमागे ५ असे एकूण २० व्हॉल्व्ह, ५ गिअरचा मॅन्युअल. युरोपात हीच गाडी १८० बीएचपीची होती, आपल्याकडे १५० ची आली. आजच्या हिशोबाने १५० म्हणजे फार नाही, पण २००५ साली आम्ही कॉलेजात असताना एका मित्राच्या काकांकडे ही होती. कसारा घाटात त्यांनी तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि मागे बसलेल्या आम्हा तिघांचं बोलणं एकदम बंद झालं. ते अजून डोक्यातून गेलेलं नाही. शिवाय ऑक्टाव्हिया आपल्या शेंद्र्याला, तेव्हाच्या औरंगाबादला जुळणी होणारी. माझं आजोळ तिथलं, त्यामुळे थोडा आंधळा जिव्हाळा आहे, हे आधीच कबूल करतो.

मागच्या रविवारी जाऊन पाहिली. सीट छान आहेत, डॅशबोर्डला तडा नाही. डावीकडचं मागचं दार रंगवलेलं आहे, कारण काचेच्या रबरावर रंगाचे बारीक शिंतोडे दिसले. मालक आधी "नाही" म्हणाले, मग "हो, एकदा गेटला घासली होती". इंजिनात मूळ एअर फिल्टरची पेटी नाही, बाहेरचा शंकूसारखा फिल्टर बसवलाय. रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) केल्याचंही सांगितलं, पण कागद नाही. टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणारा पट्टा, "मध्ये बदललाय". मध्ये म्हणजे कधी, ते सांगता येईना. आरसी २०२० ला ५ वर्षांसाठी वाढवली होती, ती आता संपली आहे.

घरी मी "ही गुंतवणूक आहे" असं सांगून बसलोय. बायको म्हणते, गुंतवणुकीला दर महिन्याला मेकॅनिक लागत नाही. तर प्रश्न असे: बाहेर फोर्ड सिएरा कॉसवर्थ, लान्चिया डेल्टा इंटिग्राले, निस्सान स्कायलाइन या जुन्या वेगवान गाड्यांच्या किमती कुठच्या कुठे गेल्या, तसं हिचं १५-२० वर्षांनी काही होईल का? घेण्याआधी नेमकं काय तपासू? आणि आरसीचं नूतनीकरण त्यांनी करून द्यावं की मी करून घ्यावं?

ऑइलचा डाग:
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. नूतनीकरण त्यांनीच करायचं, त्यानंतर पैसे. २० वर्षांवरच्या चारचाकीचं शुल्क २०२५ मध्ये १०,००० झालं, वर पर्यावरण कर आणि उशिराचा दंड. पण मुद्दा पैशांचा नाहीच. आरटीओच्या तपासणीत गाडी अडकली तर ती त्यांच्या दारात अडकावी, तुमच्या नाही.

आता बेल्ट. पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरा. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हला भेटतो, आणि इथे व्हॉल्व्ह २० आहेत. बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप एकत्रच करा. जुन्या पंपाचा आतला पंखा प्लॅस्टिकचा असतो, तो झिजतो. इग्निशन कॉइल चार, त्या जातात हे धरून चला. डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (टर्बोची जादा हवा वळवणाऱ्या झडपेचा) पडदा फाटला की बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, गळतो. माझ्या गाडीत तो फाटला होता आणि एका वर्कशॉपने अख्खा टर्बो बदलायला सांगितलं होतं. व्हॉल्व्ह बदलला, काम झालं. दिलासा एवढाच की याच कुळातलं इंजिन ऑडी टीटी, गोल्फ, पसाट अशा गाड्यांत होतं, त्यामुळे बाहेरून पार्ट मिळतात. मारामार होते ती फक्त आरएसच्या वस्तूंची: पुढचा बंपर, सीट, स्पॉयलर. ते शाबूत आहे ना, बघा.

आणि गाडी थंड असताना सुरू करून पाहा. आदल्या रात्रीच फोन करून सांगा, हात लावू नका म्हणून.

रविवारचा ड्रायव्हर:
घरी गुंतवणूक म्हणालात तिथेच चुकलं 😀

तुम्ही नावं घेतलीत त्या गाड्यांच्या मागे शर्यतींचा इतिहास आहे. सिएरा आरएस५०० फक्त ५०० बनवल्या, त्याही १९८७ साली रेसिंगच्या नियमात बसण्यासाठी. ऑक्टाव्हियाची डब्ल्यूआरसी, म्हणजे जागतिक रॅली स्पर्धेतली गाडी, होती, २००१ च्या सफारी रॅलीत तिसरी आली, पण रस्त्यावरची आरएस त्या गाडीचं रूप नव्हे. रॅलीची चारही चाकांवर चालायची, आपली फक्त पुढच्या.

दुसरं, आपला कायदा. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी ५० वर्षांनंतर, म्हणजे तुमच्या गाडीला २०५५ साली. आणि ती मिळाली तरी रोज चालवता येत नाही. तोवर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. दिल्लीत तर १५ वर्षांवरची पेट्रोल गाडी म्हणजे डोकेदुखीच, त्यामुळे तिकडचं गिऱ्हाईकही गेलं. त्यात पंपावर २० टक्के इथेनॉल. २००५ च्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नाहीत, इंधनाच्या सगळ्या नळ्या बदलायचा खर्च धरा.

किंमत टिकेल, असं मला वाटतं. वाढली तरी तुमचा खर्च भरून निघणार नाही. मात्र टिकायची असेल तर गाडी मूळ रूपात हवी. त्या शंकूच्या फिल्टरने पुढचं गिऱ्हाईक पळतं. मूळ पेटी कुठे आहे, हे विचारलंत का?

घाटवेडी:
माझ्याकडे होती, २०१६ ला विकली. अजून तो नंबर रस्त्यात दिसतो का बघते. एवढंच. एक सवय लावून घ्या: घाट चढून आलात की बंद करण्याआधी मिनिटभर तशीच चालू ठेवा, टर्बोतलं ऑइल जळत नाही.

धागाकर्ता:
सर्वांचे आभार. काल परत गेलो होतो. परवा रात्री फोन करून बजावलं होतं, तरी सकाळी साडेसातला पोचलो आणि बॉनेटवर हात ठेवला तर गरम! "तुम्ही एवढ्या लांबून येणार, म्हणून फिरवून ठेवली," असं मालक म्हणाले, आणि ते खरंच चांगुलपणाने म्हणाले असावेत. त्यामुळे थंड इंजिन सुरू होताना निळा धूर (म्हणजे ऑइल जळतंय) येतो की नाही, ते कळलंच नाही.

मूळ पेटी माळ्यावर आहे. शिडी शेजाऱ्यांकडे, शेजारी गावाला. वहिनींनी रवा लाडू दिले.

नूतनीकरण करून द्यायला ते तयार आहेत, पण मग पावणेपाच म्हणतात. मी पावणेचारवर आहे, बेल्ट आणि नळ्यांचे पैसे धरून. घरी "गुंतवणूक" हा शब्द मागे घेतलाय, तेव्हापासून वातावरण बरं आहे.

या शनिवारी शुक्रवारचा मुक्काम करून पहाटेच जाणार आहे. नाशिकमध्ये कुणाकडे कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं यंत्र) आहे का? किंवा असा मेकॅनिक, जो पहाटे सहाला येईल? चहा-मिसळ माझ्याकडून.