ग्रांद शार्त्रूझचा मठ: मौनी साधू हिरव्या लिक्योरसाठी प्रसिद्ध कसे झाले?

प्रश्न : माहेरवाट

नमस्कार. मुलीकडे फ्रान्समधल्या ग्रनोबलला गेले असताना शार्त्रूझच्या डोंगरांत ग्रांद शार्त्रूझ हा कार्थूझियन या एकांतवासी ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा मठ दुरून पाहिला. मठात पाहुण्यांना प्रवेश नाही, पण खाली थोड्या अंतरावर त्यांचे संग्रहालय आहे. तेथे साधूच्या घरकुलाची प्रतिकृती मांडली आहे. खाली लाकडे रचायची जागा आणि कामाची खोली, वर झोपण्याची व प्रार्थनेची जागा, मागे एवढीशी बाग आणि दाराशेजारच्या भिंतीत एक लहान कप्पा. जेवणाचा डबा बाहेरून या कप्प्यात ठेवतात, त्यामुळे देणारा आणि घेणारा यांची दृष्टभेटही होत नाही. त्या कप्प्यासमोर मी बराच वेळ उभी होते.

दुसऱ्या दिवशी व्वारों गावी याच साधूंच्या लिक्योरची, म्हणजे वनस्पती घालून केलेल्या गोड मद्याची, तळघरे पाहिली आणि मन गोंधळून गेले. मठ १०८४ सालचा, तर लिक्योरच्या कृतीचे हस्तलिखित त्यांच्या हाती आले १६०५ साली. मग मधली पाचशे वर्षे हे लोक कशावर जगत होते? आणि ज्यांनी जगाकडे पाठ फिरवली, त्यांचे नाव जगभरच्या मद्यालयांत कसे पोहोचले? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १ : ग्रंथपाल, नागपूर

ताई, आपल्या पहिल्या प्रश्नाकडे सहसा कोणी वळत नाही, म्हणून त्याचेच उत्तर आधी देतो.

कोलोनचे ब्रूनो सहा सोबत्यांसह १०८४ साली या दरीत आले. जागा ग्रनोबलचे बिशप ह्यू यांनी दाखवली. ब्रूनो तेथे फार काळ राहिले नाहीत; त्यांचेच शिष्य पोप दुसरे अर्बन झाले होते आणि त्यांनी १०९० मध्ये ब्रूनोंना रोमला बोलावून घेतले. मठाला घडी बसवली ती पाचवे प्रमुख गिगो यांनी. ११३२ साली हिमस्खलनाने पहिला मठ उद्ध्वस्त झाल्यावर तो दरीत खालच्या बाजूला पुन्हा उभारला गेला, तोही त्यांच्याच काळात. (आज दिसतात त्या इमारती मुख्यतः १६७६ च्या आगीनंतर बांधलेल्या आहेत.)

त्या आधीच गिगोंनी मठाचे आचार लिहून ठेवले होते आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यांत आहे. साधू तेरा, कष्टाची कामे करणारे ब्रदर सोळा, शेळ्यामेंढ्या बाराशे, आणि असेच बैल, वासरे, खेचरे, इतकेच काय, कुत्र्यांचेही आकडे त्यांनी ठरवून दिले. माणसे वाढली तर भीक मागत हिंडावे लागेल आणि हिंडणे म्हणजे एकांत संपणे, हे त्यामागचे कारण होते. म्हणजे या मठाची पहिली मिळकत गुराढोरांची. पुढे लोखंडाचीही भर पडली. या डोंगरांतल्या साधूंनी खाणी आणि भट्ट्या चालवल्या आणि पुढे जेथे लिक्योरचा कारखाना झाला, त्या फुर्व्हुआरीतही आधी लोखंडकामच चालत असे.

साधूंचे स्वतःचे हातकाम मात्र वेगळे होते. ते पोथ्या नकलून काढत. तोंडाने उपदेश करता येत नाही, म्हणून तो हातांनी करावा, असे गिगोंनी म्हटले आहे. माझा जन्म पुस्तकांत गेल्यामुळे असेल, पण मला या मठाचे सर्वांत मोलाचे उत्पादन हेच वाटते.

प्रतिसाद २ : औषधशाळा

लिक्योरकडे पाहताना ते मुळात औषध होते, हे विसरू नये. १६०५ साली फ्रांस्वा-आनिबाल देस्त्रे या सरदारांनी पॅरिसजवळच्या व्होव्हेर मठातल्या कार्थूझियन साधूंना दीर्घायुष्य देणाऱ्या अर्काची कृती असलेले हस्तलिखित दिले. ते इतके गुंतागुंतीचे होते की शंभराहून अधिक वर्षे त्याचा पुरता उपयोग झाला नाही. अखेर ते ग्रांद शार्त्रूझमध्ये आले आणि मठाचे औषधी पाहणारे ब्रदर जेरोम मोबेक यांनी १७३७ साली त्यावरून ‘एलिक्सिर’ सिद्ध केले. दुसरे एक ब्रदर, शार्ल, ते खेचरावर लादून ग्रनोबल आणि शांबेरीच्या बाजारात विकायला नेत. एवढाच काय तो त्यांचा व्यापार होता.

हे एलिक्सिर आजही मिळते. त्यात ६९ टक्के मद्यार्क असतो, लहानशी बाटली लाकडी डबीत येते आणि साखरेच्या खड्यावर थेंब टाकून ते घेतात. त्याचेच सौम्य रूप म्हणजे ५५ टक्क्यांचे हिरवे शार्त्रूझ. अधिक गोड असे पिवळे १८४० च्या सुमारास आले. कृतीत १३० वनस्पती आहेत. आपल्या दशमूलारिष्टाशी तुलना करण्याचा मोह होतो, परंतु अरिष्टात काढा आंबवताना मद्यार्क आपोआप तयार होतो, तर येथे वनस्पती तयार मद्यार्कात भिजवून त्याचे ऊर्ध्वपातन करतात आणि मग ते ओकच्या पिंपांत मुरवतात.

कृती एका वेळी दोन-तीन साधूंनाच ठाऊक असते. वनस्पतींची निवड आणि मिश्रण मठातच होते आणि कारखान्यात पोहोचतात त्या केवळ क्रमांक घातलेल्या पिशव्या.

प्रतिसाद ३ : नाममुद्रा

मी ट्रेडमार्कच्या कामात आहे, त्यामुळे या मठाचा मला परिचय झाला तो न्यायनिवाड्यांतून.

फ्रेंच राज्यक्रांतीत १७९३ साली साधूंची पांगापांग झाली. त्यांच्या हातची कृती फिरत फिरत ग्रनोबलमधल्या लिओतार नावाच्या औषधविक्रेत्याकडे आली. गुप्त औषधांच्या कृती सरकारात सादर कराव्यात असा नेपोलियनच्या राजवटीत हुकूम निघाला, तेव्हा १८१० मध्ये त्याने ती पाठवली आणि ती नामंजूर होऊन परत आली. मंजूर झाली असती तर ती कदाचित कायमची सरकारी दप्तरात गेली असती. साधू १८१६ मध्ये परतले आणि कृतीही पुढे त्यांच्याकडे आली.

खरी परीक्षा १९०३ मध्ये झाली. धार्मिक संघांवरील कायद्यान्वये सैनिक आणून साधूंना मठाबाहेर काढण्यात आले आणि त्यांची मालमत्ता, कारखाना आणि ‘शार्त्रूझ’ हे नाव सरकारी व्यवस्थेतून एका कंपनीला विकले गेले. साधूंनी स्पेनमधल्या तारागोना येथे नवी भट्टी घातली. फ्रान्समध्ये स्वतःचेच नाव वापरायला मनाई, म्हणून तेथे लोक त्यांच्या बाटलीला ‘तारागोन’ म्हणून ओळखू लागले. फ्रान्सबाहेर मात्र न्याय मिळाला. इंग्लंडमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने १९१० मध्ये आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये नाव साधूंचेच, असा निकाल दिला. एका देशातल्या सक्तीच्या विक्रीने परदेशातला हक्क जात नाही, हे तत्त्व आजही आमच्या कामाचे आहे.

त्या कंपनीकडे नाव होते, पण कृती नव्हती. १९२९ मध्ये तिचे दिवाळे निघाले आणि व्वारोंच्या व्यापाऱ्यांनी तिचे समभाग विकत घेऊन साधूंना देऊन टाकले.

माहेरवाट

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका उरली. व्वारोंच्या दुकानात एका व्यक्तीला ठरावीक बाटल्यांपेक्षा जास्त मिळत नव्हत्या. हा टंचाईचा परिणाम, की विक्रीची युक्ती?

प्रतिसाद ४ : ग्रंथपाल, नागपूर

ताई, ती युक्ती नाही. मागणी वाढत असूनही उत्पादन वाढवायचे नाही, असे साधूंनी २०१९ मध्ये ठरवले आणि २०२३ च्या आरंभी ते पत्राने जाहीर झाले. १९३५ मध्ये दरड कोसळून फुर्व्हुआरीचा कारखाना गेल्यावर काम व्वारोंला आणि अलीकडे एग्नुआरला हलले आहे, पण कृती जाणणारे साधू आहेत तेवढेच आहेत. जास्त बाटल्या म्हणजे त्यांचा जास्त वेळ भट्टीपाशी आणि तितका कमी प्रार्थनेत. गिगोंनी मेंढ्या मोजून ठेवल्या होत्या, यांनी बाटल्या मोजल्या. शिवाय मध्यरात्रीची प्रार्थना आजही दोन-तीन तास चालते. आपण पाहिलेल्या त्या घरकुलांतून साधू त्या वेळी अंधारात चर्चकडे चालत जातात.