आवडतं गाणं आणि गाणाऱ्याचं वागणं : तुमचे अनुभव सांगा

पेठेतली
पुतणीच्या शाळेचं गॅदरिंग आहे. वर्गानं मायकल जॅक्सनचं गाणं घेतलंय. काल घरी स्टेप्स बसवत होती, तर थोरला पुतण्या म्हणाला, "ह्याचं गाणं नको, ह्याच्यावर काय काय आरोप आहेत!" पोरगी हिरमुसली. मला पटकन काही बोलता येईना. १ नोव्हेंबर १९९६ ला मायकल मुंबईत अंधेरीला आला, तेव्हा माझा दादा कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्सप्रेसनं गेला होता. परत आल्यावर गल्लीतल्या सगळ्या पोरांना अंगणात नाचून दाखवलं. आई चुलीवरचं सोडून बघायला आली होती. दादा आता नाही. ती गाणी लागली की मला दादाच दिसतो.
लहान मुलावरच्या अत्याचाराच्या खटल्यात २००५ मध्ये कोर्टानं मायकलला निर्दोष सोडलं, हे खरं. पण २०१९ च्या माहितीपटात दोन पुरुष आपल्या लहानपणीचं सांगतात, ते मी पूर्ण बघितलंय. एक जण सात वर्षांचा असल्यापासूनचं सांगतो. माझी पुतणी आठ वर्षांची आहे.
तुमचं असं कुठलं गाणं आहे? ऐकता का सोडलं? लिहा सगळ्यांनी.

गुळवाला
गायक अभिजीत भट्टाचार्य. शाहरुखसाठी गायलेली त्याची गाणी म्हणजे आमचं कॉलेज. फुटपाथवर झोपलेल्यांवर गाडी गेली, त्या सलमानच्या खटल्याच्या २०१५ च्या निकालानंतर त्यानं रस्त्यावर झोपणाऱ्यांना कुत्र्याची उपमा दिली. माझे वडील गुळाचे रवे घेऊन मार्केट यार्डात सौद्याला जायचे, रात्री तिथंच पोत्यावर झोपायचे. तेव्हापासून त्याचं एक गाणं लावलेलं नाही.

कसबा बावडा
विषय हार्ड. माझे आजोबा यार्डातच हमाल होते. कुठलं गाव तुमचं?

गुळवाला
कागलजवळ.

कसबा बावडा
मग पाव्हणंच की! माझ्या बायकोचं माहेर कागल. या एकदा जेवायला.

तीनचाकी
माझ्या रिक्षात संगीतकार नदीम-श्रवणची गाणी चालूच असतात. ऑगस्ट १९९७ मध्ये टी-सिरीजवाल्या गुलशन कुमारचा खून झाला, त्यात नदीमचं नाव आलं. तो लंडनला राहिला, तिथल्या कोर्टानं त्याला भारतात पाठवायला नकार दिला, आणि तो स्वतः कायम नाहीच म्हणत आलाय. आता मी काय ठरवू? आणि श्रवणनं काय केलं होतं? अलका याज्ञिकनं? त्या ढोलकवाल्यानं, बासरीवाल्यानं? श्रवण तर बिचारे २०२१ ला कोरोनात गेले. एका माणसापायी एवढ्या लोकांची मेहनत टाकून द्यायची, हे मला जमत नाही. थांबा, सीबीएसचं (एसटी स्टँडचं) पॅसेंजर आलं.

खर्ज
ध्रुपद गाणारे गुंदेचा बंधू. मी गाणं शिकते, त्यामुळं लांबण लागणार, सांभाळून घ्या.
रोज पहाटे त्यांचा आलाप लावून खर्ज भरायचे, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज करायचे. सप्टेंबर २०२० मध्ये भोपाळच्या त्यांच्या ध्रुपद संस्थानातल्या विद्यार्थिनींनी लैंगिक छळाचे आरोप केले. रमाकांत गुंदेचा आधीच, नोव्हेंबर २०१९ मध्ये गेले होते, त्यामुळं त्यांची बाजू त्यांच्या तोंडून कळणं शक्यच नव्हतं. मला त्या मुलींचं राहणं डोळ्यांपुढून हलत नाही. गुरूच्याच आवारात राहायचं, जेवायचं, तिथंच शिकायचं. तोंड उघडलं तर विद्याही जाते आणि डोक्यावरचं छप्परही. मी शाळेत असताना गाण्याच्या क्लासला जायचे, तेव्हा आई तास संपेपर्यंत दाराबाहेर बसून राहायची. मला तेव्हा तिचा राग यायचा.
रेकॉर्डिंग आता लावत नाही. पण आलापाची ती सावकाश बढत माझ्या गळ्यात बसलीय. ती कुठं काढून टाकू?

पेठेतली
ताई, हे वाचून अंगावर काटा आला. तुमच्या आईला नमस्कार सांगा.

देवल क्लबचा श्रोता
शाहू महाराजांनी थोर गायक अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी मान देऊन इथं आणलं. त्यांचा पुतळा असणारं हे गाव आहे. गुरूच्या पाया पडायला आपण लहानपणीच शिकतो, ते चांगलंच. पण क्लासचं दार उघडं असावं आणि तक्रार ऐकणारं माणूस गुरूच्या घरातलं नसावं, एवढं प्रत्येक क्लासनं पाळलं पाहिजे.

महाद्वार
आमच्या वेळचं गॅदरिंग केशवराव भोसले नाट्यगृहात व्हायचं. ऑगस्ट २०२४ ला आग लागली त्या रात्री मी तिथं उभी होते. मायकल नाही, पण आठवलं म्हणून लिहिलं.

तीनचाकी
मी पण होतो ताई. खासबाग कुस्ती मैदानाच्या बाजूला. लोक रडत होते.

शाळेतल्या बाई
पेठेतली, मी गॅदरिंगचे नाच बसवते. मुलांना सांगून टाका. आठ वर्षांच्या मुलीला समजेल इतकंच सांगायचं, की ह्या माणसानं लहान मुलांना त्रास दिला असं काही जण सांगतात. मग गाणं तिनं ठरवावं. माझ्या वर्गानं मागं असंच दुसरं गाणं घेतलं, रडारड काही झाली नाही. थोरल्याला मात्र दादाची गोष्ट पण सांगा. त्याला ठाऊक नसेल.

पेठेतली
नाही ठाऊक. त्याच्या जन्माआधीच दादा गेला. आज रात्री सांगते.

खर्ज
विषय सोडून विचारते. माझ्या तानपुऱ्याची जवारी (तारांखालच्या घोडीची घासणी, जिच्यानं आवाज घुमतो) पार गेलीय. कोल्हापुरात कोण काढून देईल?

देवल क्लबचा श्रोता
सरळ मिरजेला जा, सतारमेकर गल्ली. सकाळी लवकर जा आणि भोपळ्याला गोधडी गुंडाळून न्या, एसटीत फार आदळतं.