शब्दचर्चा : जनुक ‘बंद पडतं’ की ‘बंद ठेवलं जातं’?

प्रश्न : भ्रूणात अवयव कसे घडतात यावर शाळकरी मुलांसाठी लेख लिहिते आहे. ‘डीएनए मिथायलेशन’ला मराठीत काय म्हणावं? ‘मिथायलेशनमुळे जनुक बंद पडतं’ हे वाक्य चालेल का?

उत्तर : ‘मिथिलीकरण’ लिहा. ‘आयनीकरण’ मुलांना माहीत असतं, त्याच घडणीचा शब्द आहे. डीएनएतल्या सायटोसिन या घटकाला मिथिल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) जोडला जातो, एवढाच त्याचा अर्थ.

‘बंद पडतं’ मात्र कृपा करून नको. पंखा बंद पडतो तेव्हा त्यात बिघाड असतो. भ्रूणात जनुक शाबूत असतं, पेशी ते बंद ठेवते. पीटर जोन्स आणि शर्ली टेलर या संशोधकांनी 1980च्या सुमारास उंदराच्या भ्रूणापासून वाढवलेल्या पेशींना मिथिलीकरण रोखणारं अ‍ॅझासायटिडिन हे रसायन दिलं, तर त्यांतल्या काही चक्क स्नायूपेशी झाल्या! हाच धागा धरून पुढे 1987मध्ये स्नायू घडवणारं ‘मायोडी’ जनुक हाती लागलं. बिघडलेली गोष्ट अशी जागी होत नाही.

आणखी एक मत : ‘बंद ठेवणं’ पटलं. माझी हरकत ‘मिथायलेशनमुळे’तल्या ‘मुळे’ला आहे. मादीच्या पेशींतलं एक एक्स गुणसूत्र भ्रूणावस्थेतच निष्क्रिय होतं. तिथे जनुकं आधी गप्प होतात, त्यांच्या सुरुवातीच्या भागावर मिथिल गट नंतर चढतात. म्हणजे मिथिलीकरण तिथे कारण नाही, झालेल्या निर्णयावरचं शिक्कामोर्तब आहे. शिवाय चालू जनुकांच्या मधल्या भागातही मिथिलीकरण भरपूर सापडतं. म्हणून ते कुठे झालं, हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही.

प्रश्नकर्ती : आणि जनुकांचं ‘नियंत्रण’ की ‘नियमन’?

उत्तर : नियमन. नियंत्रणात आवर घालण्याचा भाव येतो. इथे कुठलं जनुक कधी, कुठे आणि किती चालायचं, हे सगळंच आलं. रक्तात आधी भ्रूणावस्थेतलं हिमोग्लोबिन असतं, मग गर्भावस्थेतलं, जन्मानंतर हळूहळू प्रौढांचं. हा क्रम नुसत्या आवर घालण्याने लागत नाही.

तुमचं वाक्य मी असं लिहीन : ‘यकृताच्या पेशीत स्नायूंची जनुकं असतात, पण बंद ठेवलेली. ती तशी राहण्यात मिथिलीकरणाचा हातभार असतो. पेशी विभागण्याआधी डीएनएची नक्कल होते, तेव्हा डीएनएमटी1 हे विकर नव्या धाग्यावरही तीच खूण करतं.’