मदत हवी आहे: बीअर आंबवताना प्रोब नक्की कुठे लावायचा? तीन थर्मामीटर तीन आकडे दाखवताहेत

नमस्कार मंडळी,

आम्ही ओहायोत कोलंबसला राहतो. गेलं दीड वर्ष बेसमेंटमध्ये घरच्यापुरती बीअर करतोय. (कायद्याचा प्रश्न येईलच म्हणून आधीच सांगतो: अमेरिकेत १९७८ साली याला केंद्रीय परवानगी मिळाली, दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत. विकायची मात्र नाही.)

माझी मांडणी अशी आहे. १९ लिटरची बॅच, प्लॅस्टिकची झाकणवाली बादली, ती जुन्या फ्रिजमध्ये. फ्रिज कंट्रोलरला (ठरवलेल्या तापमानाला फ्रिज चालू-बंद करणारं यंत्र) जोडलाय आणि कंट्रोलरचा प्रोब, म्हणजे तारेच्या टोकाचा तापमान मोजणारा भाग, फ्रिजमध्ये वरच्या जाळीला लटकवलाय. यीस्ट सॅफएल यूएस-०५, बीअर साधी पेल एल (फिक्या रंगाचा एक प्रकार). कंट्रोलर १८ अंशांवर.

मागची बॅच बिघडली. बुडबुडे झकास आले, हायड्रोमीटरचा (साखर किती उरली ते घनतेवरून दाखवणारं उपकरण) आकडा १.०५० वरून १.०११ वर येऊन थांबला, रंगही छान. पण पहिल्याच घोटाला घशात जळजळ आणि नेलपॉलिशच्या जवळ जाणारा वास. चार महिने बाटलीत ठेवूनही तो गेला नाही. वाचल्यावर कळलं की यीस्टला जास्त गरम झालं की जड अल्कोहोलं तयार होतात आणि ती नंतर मुरवून जात नाहीत. गव्हाच्या जर्मन बीअरमध्ये केळ्याचा वास हवा असतो, तिथे थोडी ऊब चालते. माझ्या पेल एलमध्ये यातलं काहीच नको होतं. ही बॅच धाकट्या भावाच्या वास्तुशांतीनंतरच्या जेवणासाठी ठेवली होती. मी एकही बाटली नेली नाही, आणि ते अजून मनाला लागून आहे.

म्हणून या वेळी दुसऱ्या दिवशी सगळीकडे मोजलं. कंट्रोलर: १८. बादलीवर चिकटवलेली रंग बदलणारी पट्टी: २० आणि २२ दोन्ही खाने उजळलेले. तोटीतून नमुना काढून स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर बुडवला: २३.५. कोणावर विश्वास ठेवू?

बर्फाची चाचणी केली आहे. बर्फाचा चुरा ग्लासात तळापर्यंत गच्च भरला, फटी बुजतील इतकंच पाणी घातलं, ढवळून पाच मिनिटं थांबलो. कंट्रोलरचा प्रोब ०.३ दाखवतो, स्वयंपाकघरातला १.८. पट्टी तशी तपासताच येत नाही.

झाकणातून आत जाणारी स्टीलची नळी, म्हणजे थर्मोवेल, घ्यावी का? की प्रोब बाहेरूनच लावला तरी चालतो? आणि कंट्रोलरमध्ये किती अंशांचा फरक ठेवायचा, म्हणजे ठरवलेल्या आकड्यापासून किती सरकल्यावर फ्रिज सुरू व्हावा?

प्रतिसाद

तुमचा कंट्रोलर खोटं बोलत नाहीये, तो हवेचं तापमान सांगतोय. साखरेचं अल्कोहोल होताना यीस्ट उष्णता सोडतं. जोर असतो तेव्हा १९ लिटरची बादली भोवतालच्या हवेपेक्षा तीन-चार अंश सहज वर जाते. हवा १८ असताना आतली बीअर २१-२२ असणं अगदी शक्य आहे.

प्रोब बादलीच्या बाहेरून, द्रवाच्या मधल्या उंचीवर टेपने घट्ट चिकटवा. त्यावर जाड स्पंजचा तुकडा किंवा बबल रॅपच्या चार घड्या ठेवून पुन्हा टेप मारा. हे आवरण नसेल तर अर्धा आकडा भिंतीचा आणि अर्धा हवेचा येतो. बॅच जोरात असताना वायूमुळे आतलं सगळं घुसळत असतं, त्यामुळे भिंतीचा आणि मधला आकडा यात फारसं अंतर पडत नाही. मी सहा वर्षं असंच करतोय.

प्रतिसाद

थर्मोवेल माझ्याकडे आहे आणि आवडते, पण एक काळजी घ्या. बीअरच्या पोटातला प्रोब उशिरा जागा होतो. तो ‘गार झालं’ म्हणेपर्यंत फ्रिजची हवा फार खाली गेलेली असते आणि बीअर ठरवलेल्या आकड्याच्या खाली घसरते. फरक अर्धा ते एक अंश ठेवा, कॉम्प्रेसरला निदान पाच मिनिटांची विश्रांती द्या. नळीत थेंबभर वोडका घातली की प्रोब भिंतीला नीट लागतो आणि आकडा लवकर येतो.

प्रतिसाद

बर्फाची चाचणी शून्याची झाली. तुम्हाला २० जवळचा आकडा हवाय. शून्याला १.८ जास्त दाखवणारा २० ला तेवढंच जास्त दाखवेल असं धरू नका. घरात तापाचा थर्मामीटर असेलच. कोमट पाणी ३७ च्या आसपास करा, तिन्ही एकत्र बुडवा, ढवळत राहा. तो थर्मामीटर त्याच टप्प्यासाठी बनवलेला असतो. शून्य आणि ३७ दोन्हीकडे चूक किती ते कळलं की मधल्या २० चा अंदाज नीट येतो. मग बरणीत २० अंशांचं पाणी भरून पट्टी तिच्यावर लावून बघा.

आणि एक विचारायचं राहिलं: मागच्या वेळी यीस्ट घातलं तेव्हा वॉर्ट (यीस्ट घालण्याआधीचा धान्याचा गोड काढा) किती गरम होता?

धागाकर्ता

२७. वाटलं, फ्रिजमध्ये ठेवल्यावर होईल की गार.

प्रतिसाद

मग तुमची बॅच तिथेच बिघडली असावी. १९ लिटर पाणी हवेने गार व्हायला अख्खी रात्र लागते, आणि तोवर यीस्ट वाढीला लागलेलं असतं. पहिले तीन दिवस सगळ्यात महत्त्वाचे. वॉर्ट १८ वर आणा, हवं तर बादली रात्रभर फ्रिजमध्ये बंद ठेवा, आणि मगच यीस्ट घाला. शेवटी जोर ओसरला की दोन-तीन दिवस २०-२१ होऊ द्या, तेव्हा यीस्ट आपला पसारा नीट आवरतं.

धागाकर्ता, नऊ दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. कोमट पाण्यात स्वयंपाकघरातला १.४ जास्त निघाला, म्हणजे त्या दिवशीचे २३.५ हे साधारण २२ होते. पट्टी बरोबर सांगत होती.

ती बॅच चाखली, जळजळ आहेच, मागच्यापेक्षा कमी. शनिवारी नवीन केली. वॉर्ट १८ वर आणून यीस्ट घातलं, प्रोब भिंतीला, वर भांडी घासायचा नवा स्पंज. हवेत दुसरा थर्मामीटर लटकवून ठेवला होता: सोमवारी सकाळी भिंतीचा प्रोब १८.४ आणि फ्रिजची हवा १४.६. चार अंश! दीड वर्ष मी हे बघितलंच नव्हतं.

थर्मोवेल सध्या घेत नाही. बाटल्या तीन आठवड्यांनी उघडेन, तेव्हा इथेच लिहितो. भावाला सांगितलंय, या वेळी घेऊन येतो.