टेक्सासमध्ये घर घेतोय, हा ट्रान्झॅक्शन कोऑर्डिनेटर म्हणजे कोण?

डॅलसकर: ऑफर अ‍ॅक्सेप्ट झाली आणि आता एजंटऐवजी सगळे मेल कोऑर्डिनेटर बाईंकडून येतायत. इन्स्पेक्शननंतर किंमत कमी करायचं त्यांच्याशीच बोलू का?

घरशोध्या: नाही हो, घासाघीस लायसन्सवाल्या एजंटनेच करायची. कोऑर्डिनेटर बाई तारखा सांभाळतात, अर्नेस्ट मनी (इसाऱ्याची रक्कम) आणि ऑप्शन फी (ठरावीक दिवसांत करार मोडायच्या हक्कासाठीची फी) करार झाल्यापासून 3 दिवसांत द्यावी लागते, मग अप्रेझल (घराच्या किमतीचं मूल्यांकन), सह्या, टायटल कंपनी (मालकी तपासून व्यवहार पूर्ण करणारी), सगळ्यांच्या मागे लागणं त्यांचंच.

मीनू_ऑस्टिन: आम्ही तर त्यांच्यामुळेच वाचलो, ऑप्शन पिरियड (करार मोडता येण्याची मुदत) शेवटच्या दिवशी संध्याकाळी 5 ला संपतो हे आदल्या दिवशी फोन करून सांगितलं. कोऑर्डिनेटरची फी बहुतेकदा एजंटच देतो, तरी विचारून घ्या. आणि वायरचे (बँकेतून पैसे पाठवायचे) डिटेल्स मेलवर आले तर टायटल कंपनीला स्वतः फोन करून खात्री करा, प्लीज!