जत्रेतल्या नाटकाला संस्थेची मदत कशी मिळेल?

सावईचा पेटीवाला: आमच्या देवळातल्या जत्रेत गावचीच पोरं संगीत नाटक करतात. तीस वर्षं मी पेटीवर आहे. पडदे, लाईट, रंगभूषा यांचा खर्च आता वर्गणीत भागत नाही. कलाकारांना मदत करणाऱ्या एका संस्थेकडे गेलो, तर मंडळाची नोंदणी मागितली. ती नाही. नाटक बंद पडलेलं मला बघवणार नाही.

म्हार्दोळची बाय: पेटीवाले बाब, १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदणी करा. किमान सात सभासद लागतात. मग मंडळाच्या नावाने बँक खातं, दरवर्षी तपासलेले हिशेब. आणि नुसते पैसे मागू नका, शिकवणारा माणूस मागा. आमच्या भजनी मंडळाकडे एका संस्थेने पंधरा दिवस पखवाजाचे गुरुजी पाठवले. पैसे घेतले असते तर ते कधीच संपले असते. आज चार मुली पखवाजावर बसतात!

पणजीकर: गोव्यात पणजीला कांपालच्या कला अकादमीची मराठी नाट्यस्पर्धाही बघा. तालमींना शिस्त येते.

सावईचा पेटीवाला: शिकवणारा माणूस मागायचं सुचलंच नव्हतं. ऑर्गन शिकू पाहणारी दोन पोरं आहेत. सात सह्या रविवारी देवळातच घेतो.